एक नंबरचा ग्राफ

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही" हे वाक्य आजही कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बँकेत, रेशनच्या दुकानात, वीजबिलाच्या ऑफिसात, कुठेही. काउंटरपलीकडचा माणूस शांतपणे सांगतो, बाई, कॉम्प्युटरमध्ये तर असंच दिसतंय. मग मी तिथून हलत नाही. माझ्या मुलीला लाज वाटते, ती माझी ओढणी खेचते, मागे रांग कुरकुरते, पण मी हलत नाही. कारण कॉम्प्युटर खोटं बोलतो. मी स्वतः त्याला बोलताना पकडलंय, सुरतेतल्या उधन्याच्या एका मिलमध्ये, आणि त्याच्या खोट्यापायी माझ्या मामाचं काय झालं तेही पाहिलंय.

प्लेग येऊन गेल्याला तीन-चार वर्षं झाली होती. सुरत झाडून-पुसून लख्ख केलेली, आणि जिकडे तिकडे कॉम्प्युटरचं खूळ. साडीच्या दुकानात कॉम्प्युटर, हिऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर, पानवाल्याचा पोरगा कॉम्प्युटरच्या क्लासला. मीही त्याच लाटेतली. आमचं घर गोडादऱ्यात, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई साड्यांवर टिकल्या चिकटवायची, आणि मी डिप्लोमा करून रिंग रोडच्या एका ऑफिसात प्रोग्रामर लागलेली. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक एसी, आणि तो एसी फक्त साहेबांच्या खोलीत. साहेब तसे तिशीतले, बोलायला एकदम गोड. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. "हो जाएगा शेठ," एवढं म्हणून ते स्कूटरला किक मारायचे आणि ते कसं व्हायचं ते आमच्या गळ्यात.

अशाच एका "हो जाएगा" मधून मामाच्या मिलचं काम आलं. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. धुळ्याकडून पहिल्यांदा सुरतेला आला तो आमच्याच खोलीत उतरला, आणि नंतर लग्न करून आमच्याच गल्लीत राहिला. मिल रंगाईची. तिथे मोठमोठ्या बंद पिंपांसारख्या मशीनमध्ये कापड रंगाच्या पाण्यात फिरवतात. पाणी एकशे तीस डिग्रीपर्यंत चढवायचं आणि सांगितलेला वेळ तिथेच धरून ठेवायचं. मध्ये उतरलं तर रंग नीट बसत नाही, कापडावर फिकट-गडद पट्टे येतात. मिलमध्ये अशी सहा मशीनं होती. पाच नवी, वाफ आपोआप सांभाळणारी. एक नंबरचं मात्र जुनं, शेठच्या वडिलांनी घेतलेलं, त्याची वाफ चाक फिरवून हाताने कमी-जास्त करावी लागे. मामा त्या एक नंबरसमोर बारा-बारा तास उभा असायचा. उन्हाळ्यात घरी यायचा तेव्हा त्याच्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असायचे.

शेठना वर आपल्या केबिनजवळ बसून सगळ्या मशीनचं तापमान बघायचं होतं. प्रत्येक मशीनला सेन्सर लावायचा, वायर वर कॉम्प्युटरपर्यंत आणायची, आणि पडद्यावर ग्राफ. वाफ चढली की रेघ चढणार, उतरली की उतरणार. रेघ काढायचं काम आम्ही स्वतः करत नव्हतो. त्यासाठी एक तयार लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला कोड, जो आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचा आणि त्याला म्हणायचं, बाबा रे, हे आकडे घे आणि ग्राफ काढ. साहेबांनी ती कुठून तरी मुंबईहून सीडीवर आणली होती. तिचं माहितीपुस्तक आलं झेरॉक्स होऊन, तेही अर्धं काळपट.

मी ती बसवली. ऑफिसात तपासली, छान चालली. मी साहेबांना म्हटलं, मिलमध्ये सहाही मशीनं एकदम लावून दोन-चार दिवस बघू या, मगच शेठच्या हवाली करू. साहेब म्हणाले, शेठला शुक्रवारचा मुहूर्त दिलाय. झालं. मुहूर्तापुढे कोणाचं चालतं का?

मामाला काय आनंद झाला होता. मी मिलमध्ये वायरी तपासायला गेले की तो खालून हात करायचा. जेवणाच्या सुट्टीत एकेका ऑपरेटरला जिना चढवून काचेतून पडदा दाखवायचा, आणि हे माझ्या बहिणीच्या पोरीने केलंय म्हणून सांगायचा. पडद्यावरची एक नंबरची रेघ बघून हसायचा. गल्लीत तर त्याने असं पसरवून दिलं की मिल आता माझी भाची चालवते. मामीने मला नवीन ड्रेसचं कापड दिलं. मला लाजल्यासारखं व्हायचं, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका संध्याकाळी मामी आमच्या दारात आली, चपला न काढता उभी राहिली, आणि आईशी न बोलता थेट माझ्याकडे बघून म्हणाली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मला काही कळेना. मग आईने तिला खाली बसवलं आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. मामाला घरी बसवलं होतं. कॉम्प्युटरवर एक नंबरची रेघ दिवसातून चार-चार वेळा खाली पडताना दिसत होती. शेठचं म्हणणं, हा माणूस मशीन सोडून चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर जातो, नाहीतर उभ्या उभ्या झोपतो. त्याच महिन्यात एका व्यापाऱ्याकडून पट्टे पडलेला माल परत आला होता. तो माल कोणत्या मशीनवरचा, हे कोणी विचारलं नाही. पुरावा पडद्यावर होता, आणखी काय पाहिजे?

मी उठून मामाकडे गेले. तो खाटेवर बसला होता. तापमान खाली आलं होतं का, असं मी स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, मशीनवरच्या डायलवर काटा एकशे तीसलाच होता, मी बघत होतो. मग शेठना तसं सांगितलं नाही का? सांगितलं. मिलचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, वर रेघ पडलेली दिसली की खाली धावत यायचे, आणि डायलवर एकशे तीस बघून म्हणायचे, आम्हाला जिन्यावर बघतोस आणि वाफ वाढवतोस.

आता यावर काय बोलावं? एवढं मोठं पिंपभर पाणी जिना उतरेपर्यंत तापतं? चहाचं आधण तरी तापतं का एवढ्यात? ज्याचा बाप रंगाची मिल उभी करून गेला त्याला एवढं कळू नये? पण कळून घ्यायचं नसलं की माणसाला काहीच कळत नाही. सरळ विचार करायची वेळ आली की डायल खोटा, ऑपरेटर खोटा, आणि काल आलेला काचेचा डबा खरा.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की मिलच्या प्रोग्राममध्ये गडबड आहे, मला जाऊ द्या. साहेबांनी विचारलं, शेठची तक्रार आली का? नाही. मग गडबड कसली? मी सांगितलं, तो ऑपरेटर माझा मामा आहे. त्यावर ते खुर्चीत मागे रेलले आणि मला समजावू लागले की धंद्यात नातं आणायचं नाही, ही लायब्ररी परदेशात मोठमोठे लोक वापरतात, आणि कॉम्प्युटर कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. गोड आवाजात. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. उचलला नाही. घरात मीच एक पगार आणणारी होते, वडिलांच्या लूमला तेव्हा मंदी होती.

पण कामाच्या बाबतीत मी ऐकून घेणारी नव्हे. मिलच्या कॉम्प्युटरवरून मागच्या आठवड्याच्या नोंदींची फ्लॉपी मी मागवून घेतली. नोंदी म्हणजे सेन्सरकडून आलेले नुसते आकडे, दर मिनिटाचा एक. एक नंबरचे आकडे काढून बघितले. एकशे तीस, एकशे एकोणतीस, एकशे तीस, एकशे तीस. सलग. कुठेही पडलेले नाहीत. मामाने अख्खा दिवस चाक असं सांभाळलं होतं की नव्या मशीनांना जमू नये. मग रेघ का पडत होती? आकडे बरोबर आणि चित्र चूक, हे होईल कसं?

साहेबांना आकडे दाखवले. ते म्हणाले, शेठ आकडे बघत नाहीत, ग्राफ बघतात. मी म्हटलं, म्हणूनच तर सांगतेय. ते म्हणाले, तुझ्या कोडमध्ये चूक असेल तर तू शोध, पण ऑफिसच्या वेळात नाही.

मग मी डबा खाता खाता शोधायला लागले, एका हातात पोळी आणि एका हातात माऊस. आधी मला वाटलं, सेन्सरच्या वायरी अदलाबदल झाल्या असतील. पण मग आकडेही चुकले असते. मग वाटलं, उभ्या पट्टीची मापं लायब्ररी स्वतःच बदलत असेल आणि एका डिग्रीचा फरक दरीएवढा दिसत असेल. पट्टी पक्की करून टाकली. नाही. मग रेघ पुसून नवी काढताना जुनी मागे राहत असेल असं वाटलं. तेही नाही. मिलचेच आकडे घालून मी ऑफिसात एक नंबरची खिडकी उघडायची, आणि रेघ शहाण्या मुलीसारखी सरळ. बंद करायची, दोन नंबरची उघडायची, बरोबर. बंद करायची, तीन नंबरची. सगळं बरोबर. साप साप म्हणून भुई धोपटत होते. त्या झेरॉक्सच्या पुस्तकात एकच उदाहरण दिलेलं, एक खिडकी, एक ग्राफ, त्याच्यात कसल्याशा पावसाचे आकडे. ते लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात अस्सल अहिराणीत ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

तिकडे मिलमध्ये मामाच्या जागी दुसरा ऑपरेटर लावला होता. आणि गंमत ऐका. त्याचीही रेघ पडायला लागली. आता तरी शेठनी विचार करावा ना? शेठ काय म्हणाले, तर आजकाल माणसंच चांगली मिळत नाहीत. मेहताजींनी हे मला फोनवर सांगितलं, अगदी हळहळून. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता रिक्षा केली.

सकाळी लवकर पोहोचले. मेहताजी नुकतेच आले होते. धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध, माणूस स्वभावाने वाईट नव्हे. मला त्यांनी "आवो बेन" म्हणून स्टूल दिलं आणि स्वतः नेहमीच्या क्रमाने कामाला लागले. आधी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं, चालू केला. प्रोग्राममध्ये पहिली खिडकी उघडली ती एक नंबरची. मग उदबत्ती लावली, पडद्यावरच्या एक नंबरच्या ग्राफला तीनदा ओवाळली, हात जोडले. कारण एक नंबर हे मिलचं पहिलं मशीन, थोरल्या शेठच्या हातचं, त्याच्यावर ही मिल उभी राहिलेली. खाली खऱ्या मशीनलाही रोज हळद-कुंकू लागतच होतं. आता ते वरही दिसायला लागलं होतं, म्हणून वरही पूजा. आणि पूजा केलेली खिडकी दिवसभर बंद करायची नाही. ती पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायची, शुभ म्हणून. मग बाकीची मशीनं बघायची. त्यांनी दोन नंबरची खिडकी उघडली, बघितली, बंद केली. तीन, चार, पाच, तसंच. शेवटी सहा.

सहा नंबर हे नमुन्याचं छोटं मशीन होतं. नवीन रंग हातभर कापडावर लावून बघायचा, पसंत नाही, पाणी उतरव, धू, परत तापव. दिवसभर त्याचं चढ-उतर चालायचंच, त्यात चूक काही नव्हती. मेहताजींनी सहा नंबर बघून बंद केला. आणि माझ्या डोळ्यांदेखत कोपऱ्यातल्या एक नंबरच्या खिडकीतली रेघ बदलली. वर नाव "मशीन नं. १", आणि खाली रेघ सहा नंबरची.

मी स्टुलावरून उठलेच. मेहताजींना म्हटलं, परत दोन नंबर उघडा. उघडला. मिनिट गेलं, एक नंबरच्या खिडकीत दोन नंबरची रेघ. म्हणजे ही जी परदेशातल्या मोठमोठ्या लोकांची लायब्ररी होती, तिच्या डोक्यात एका वेळी एकच ग्राफ राहत होता. शेवटचा जो उघडला तोच. दुसरी एखादी खिडकी मागे उघडी असेल आणि तिने म्हटलं की माझी रेघ काढ, तर ही बया तिच्यात डोक्यातलीच रेघ काढून मोकळी व्हायची. नाव आमचा प्रोग्राम लिहीत होता म्हणून ते बरोबर राहायचं. आम्ही ऑफिसात एक उघडून ती बंद करूनच दुसरी उघडत होतो, पुस्तकातल्यासारखं, म्हणून तिथे कधी दिसलं नाही. जगात एक नंबरची खिडकी दिवसभर देवासारखी उघडी ठेवणारे लोक असतात, हे त्या लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? आणि आमच्या साहेबांना माहीत असायला ते मिलमध्ये येऊन बसले होते का कधी?

वड्याचं तेल वांग्यावर. सहा नंबरचं गार पाणी माझ्या मामाच्या डोक्यावर.

उपाय काही अवघड नव्हता. प्रत्येक रेघ काढण्याआधी लायब्ररीला बजावून सांगायचं की हा अमुक खिडकीचा ग्राफ, आता हाच धर. ऑफिसात येऊन दुपारपर्यंत मी ते लिहिलं, चार खिडक्या एकदम उघड्या ठेवून तपासलं, फ्लॉपी भरली. साहेबांना सांगितलं. ते खूष झाले. म्हणाले, शाबास, उद्या जाऊन टाकून ये, आणि शेठला सांग की नवीन व्हर्जन आहे, पहिल्यापेक्षा फास्ट.

मी विचारलं, आणि माझा मामा?

साहेबांचा चेहरा जरा कडक झाला. चूक कबूल केली तर शेठचं काम जाईल, शेठ चार ठिकाणी सांगतील, ऑफिस बंद पडेल, तुझी नोकरी जाईल. उद्यापासून ग्राफ बरोबर दिसेल, सगळं आपोआप मिटेल, मामाला महिन्याभराने परत घेतील. आपोआप. एक माणूस चोरासारखा घरी बसलाय, गल्लीतले लोक त्याला विचारतायत की काय रे, झोपला होता का मशीनवर, बाकीच्या मिलवाल्यांपर्यंत गोष्ट गेलीय म्हणून त्याला कोणी उभं करत नाही, आणि हे म्हणतात आपोआप मिटेल. मी साहेबांना म्हटलं, फ्लॉपी माझ्याकडे आहे. आधी शेठना जुना प्रोग्राम चुकताना दाखवीन, मग ही टाकीन. नाहीतर टाकणारच नाही. आली अंगावर तर घेतली शिंगावर. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्याबरोबर मिलमध्ये आले, मला आवरायला.

नशीब म्हणा, त्या दिवशी एक नंबर धुवायला काढलं होतं. वाफ बंद, पाणी काढून टाकलेलं, झाकण उघडं, आत एक माणूस ब्रश घेऊन उतरलेला. वर पडद्याच्या कोपऱ्यात एक नंबरची रेघ मात्र थाटात चढत होती. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. मी शेठना केबिनमधून बोलावलं आणि विचारलं, एक नंबर किती तापलंय? त्यांनी पडदा बघून आकडा सांगितला. मग मी म्हटलं, शेठ, जरा खाली चला.

साहेब मध्ये काहीतरी बोलू लागले, शेठ, वो क्या है ना, थोडासा अपडेट. शेठ जिना उतरत होते. एक नंबरसमोर उभे राहिले. आतला माणूस बाहेर डोकावला. शेठनी पंजा मशीनच्या पत्र्यावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. पत्रा गार होता. त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना सगळं सांगितलं, हिंदीत, हळू, एकही शब्द न गिळता. आकडे बरोबर होते, चित्र चूक होतं, तुमच्या ऑपरेटरने दिवसभर एकशे तीस धरून ठेवलं होतं. शेठ जिना चढून वर गेले. मग मेहताजींना म्हणाले, त्याला बोलवा.

मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं. वर येऊन मी फ्लॉपी टाकली, कोपऱ्यातली रेघ तळाजवळ येऊन सपाट पडली, आणि मी मनात म्हटलं, आता हा माणूस माझ्या मामासमोर दोन शब्द बोलेल. जास्त नको, दोनच. चूक झाली एवढंच.

मामाला आणायला सायकलवरून माणूस गेला होता. मामा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. मामीनेच घालायला लावला असणार, आणि काय बोलायचं तेही तिनेच घोकून घेतलं असणार. तो केबिनच्या दारात उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, "शेठ, भूल थई गई. माफ करो."

मी म्हटलं, मामा, हात खाली करा. चूक तुमची नाहीच. त्याने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. हात तसेच. मी शेठकडे बघितलं. शेठच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. सुटका. अवघड दगड कोणीतरी दुसऱ्यानेच उचलून नेला. अर्ध्या तासापूर्वी गार पत्र्यावर पंजा ठेवून उभा राहिलेला माणूस खुर्चीत नीट बसला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "चाल, हवेथी ध्यान राखजे." चल, यापुढे लक्ष ठेव. माझे साहेब हसले. मेहताजींनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

मी तिथे ओरडले. हो, ओरडले, कबूल आहे. माफी तुम्ही मागा म्हणाले शेठना. साहेब मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले, आणि त्या महिन्याअखेर माझी तिथली नोकरीही संपली, त्याचं मला आजवर काही वाटलेलं नाही. मामा दुसऱ्या दिवसापासून एक नंबरवर उभा राहिला. गल्लीत सगळ्यांना कळलं की शेठ दिलदार, चूक पोटात घातली. मामीने नारळ फोडला, आमच्याकडेही खोबरं पाठवलं. मी ते खाल्लं नाही. आई म्हणाली, काम मिळालं ना, आता कशाला जळतेस? मी म्हटलं, काम त्याचंच होतं.

रविवारी मी मामाकडे गेले ती भांडायलाच. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. न केलेली चूक कबूल केलीच कशी, मी एवढी धडपडले ती कोणासाठी, हात जोडायची एवढी सवय लागलीय का अंगाला. मामी पाणी भरायला गेली होती. मामा दारात बसून तंबाखू मळत होता. मी सुरुवात केली. त्याने मला थांबवलं नाही, निमूट ऐकून घेतलं, मी दम घ्यायला थांबले तेव्हा तंबाखू बाजूला ठेवली आणि इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, आवाज अगदी खाली आणला.

"पोरी, खरं सांग. त्या दिन मी जागा व्हतू का नही?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं. शेठला बरं वाटावं म्हणून त्याने हात जोडले नव्हते. आठवडाभर खाटेवर बसून, गल्लीचं ऐकून, बायकोचं ऐकून, त्या पडद्यावरची पडलेली रेघ आठवून आठवून, त्याचं त्यालाच वाटायला लागलं होतं की आपला डोळा लागला असेल. काटा एकशे तीसला होता हे ज्या डोळ्यांनी बघितलं, त्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. आता तो मला विचारत होता. कारण मी कॉम्प्युटरवाली.

मी त्याला म्हटलं, मामा, तुम्ही जागे होतात. पूर्ण वेळ जागे होतात. मी आकडे बघितलेत.

मग त्याने मान हलवली आणि तंबाखू परत हातात घेतली.

"तू सांगस तर मग व्हसू जागा," तो म्हणाला.